मुद्दाम ठेवलेली चूक

सरांच्या शोकसभेत तिची बोलायची पाळी आली, तेव्हा तिनं त्यांचा तोच किस्सा सांगितला, जो हाताखालच्या प्रत्येकाला सांगत आली होती.

"मी ऑफिसात नवी, महाभित्री. सर दर नकाशात माझ्यासाठी मुद्दाम एक चूक ठेवायचे. कधी जिना भिंतीत घुसलेला, कधी घराला स्वयंपाकघरच नाही! मी चाचरत दाखवली, की अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं ओरडायचे, 'अरे, या पोरीनं आज मला वाचवलं!' त्यानंच माझी भीड चेपली."

डोळे पुसता पुसता सगळे हसले. सरांच्या बायकोला मात्र हसू आलं नाही. सभा संपल्यावर काकूंनी तिला बाजूला घेतलं.

"मुद्दाम कुठल्या गं? नजर अधू झाली होती त्यांची. घरी आले की चप्पल काढायच्या आधी सांगायचे, पोरीनं आज वाचवलं."

म्हणजे सर तिला घडवत होते, की ती सरांना सांभाळत होती? तिला काही उलगडेना. त्याच तंद्रीत ती ऑफिसात येऊन बसली. तेवढ्यात तिनंच काढलेला एक नकाशा घेऊन नवी मुलगी टेबलाशी आली.

"मॅडम, हा जिना भिंतीत गेलाय. मुद्दाम ठेवलाय ना?"

तिनं चष्मा पुसून पाहिलं. तिला तो आत्ता पहिल्यांदाच दिसत होता.

सरांसारखं ओरडून सांगायला ती उठून उभी राहिली. सगळं ऑफिस माना वळवून बघू लागलं.

आवाज काही केल्या फुटेना.