न विरणारी तीट

आठवडा झाला तरी नातीच्या गालावरची तीट काळीच राहिली, तेव्हा भिकाअण्णा तिला कडेवर घेऊन तरातरा अंगणवाडीत गेले.

"ताई, तुम्ही लावलेली ही व्हिटॅमिन डीची तीट बिघडलीय. बाकीच्या पोरांची संध्याकाळपर्यंत अंगात जिरते, हिची तशीच!"

सेविका शैलाताईंनी तिटेवर यंत्र टेकवलं आणि त्या हसल्या. "अण्णा, अंगाला हवं तेवढंच व्हिटॅमिन ही तीट सोडते. सकाळी कुठं असता दोघं?"

"कुठं असणार? सून कामावर जाते. मी रिकामटेकडा म्हातारा, हिला मांडीवर घेऊन ओट्यावर कोवळ्या उन्हात बसतो."

"मग तुम्ही तर तिटेलाच रिकामटेकडं केलंत!"

दुसऱ्या दिवशी ओट्यावर अण्णांच्या एका मांडीवर नात होती आणि दुसऱ्या मांडीवर शेजारचं बाळ.