मंडळातला नवा माणूस

महाराष्ट्र झाला त्या साली श्रावण धारणीकडून अंजनगावात फुलांची शेती करायला आला. गावात ओळख ना पाळख, पण उरात पदं दाटून यायची, दळताना मायच्या ओठी यायची तशी. शेजारच्या मारोतरावांनी त्याला खंजिरी भजनमंडळात नेलं आणि वाटेत मंत्र दिला.

"पह्यले मांगं बसाचं. दुसऱ्याच्या पदाले मान डोलवाची, डोये पुसाचे. चाल चुकली तरी 'वा बुवा' म्हनाचं. एकडाव नाव झालं, का मंग तुयं पद हायेच."

मंडळात जो तो आपलं पद आळवी आणि दुसऱ्याचं सुरू झालं की तंबाखू मळत बसे. डोळे पुसे तो एकटा श्रावण. वर्ष सरताना मंडळानं त्याला नारळ दिला, पुढच्या सतरंजीवर बसवलं, "असा मानूस पंचक्रोशीत नाई" म्हणून गौरवलं. श्रावणनं खंजिरी उचलली, आपलं पद धरलं.

"माय माझी ओल, मी गं कोंब कोवळा..."

मारोतरावांनी मायेनं त्याच्या हातातली खंजिरी काढून घेतली.

"लेका, तूबी गाऊन राह्यला, त आमचं आयकन कोन?"