तिसऱ्या रविवारची मेणबत्ती

घड्याळजींनी काडी ओढली आणि जांभळी मेणबत्ती पेटवली. अगदी नियमाप्रमाणे.

जेवणाच्या टेबलावर हिरव्या डहाळ्यांचं कडं होतं आणि त्यात चार मेणबत्त्या. नाताळाआधीच्या चार रविवारांच्या. तीन जांभळ्या, पश्चात्तापाच्या आणि प्रार्थनेच्या. एक गुलाबी, आनंदाची. तिची पाळी तिसऱ्या रविवारी. आज पहिलाच रविवार होता.

सूनबाईने दिवा मालवला. मुलगा रात्रपाळीला गेलेला, त्यामुळे घरात दोघंच. घड्याळजींनी देव पाहुणा होऊन येणार, ही आगमनकाळाची प्रार्थना म्हटली. कुठे अडखळणं नाही, मध्येच थांबणं नाही. या घरात ती इतकी सुरळीत कधी पार पडलीच नव्हती.

त्याला कारण त्यांची बायको. जन्मभर लोकांची घड्याळं वेळेवर लावणाऱ्या माणसाच्या घरात ही बाई दरवर्षी पहिल्याच रविवारी गुलाबी मेणबत्ती लावून मोकळी व्हायची. डोळ्यांत तेल घालून राखण करावी, तर प्रार्थनेला डोळे मिटावेच लागतात! उघडून बघावं तो ज्योत हजर.

"अगं, तिसऱ्या रविवारी!" ते खेकसायचे. "आधी मन साफ करायचं, मग आनंद."

"अहो, पाहुणा येणार म्हणून घर झाडताना मी गुणगुणतेच ना? का सगळं झाडून झाल्यावर गुणगुणू?"

की पेटलं भांडण. आणि भांडता भांडता दोघांनाही हसू. नाताळ उजाडेपर्यंत गुलाबी मेणबत्ती बोटाच्या पेराएवढी उरलेली असायची.

बायको उन्हाळ्यात गेली. इतक्या वर्षांचा वाद घड्याळजींनी यंदा जिंकला होता, आणि ती जीत काही केल्या गोड लागत नव्हती. प्रार्थना झाली, तरी ते गुलाबी मेणबत्तीच्या कोऱ्या वातीकडेच बघत बसले.

"बाबा, माझं काही चुकलं का?" सूनबाईने दबकत विचारलं. या घरातला तिचा हा पहिलाच नाताळ.

"नाही गं. सगळं बरोबर आहे. तेच तर खटकतंय."

त्यांनी काडेपेटी तिच्याकडे सरकवली. "ती गुलाबी लाव."

"आज? पण बाबा, ती तर तिसऱ्या..."

"ठाऊक आहे मला. तू लाव. मी रागावतो."

सूनबाईने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं आणि काडी ओढली. वात जराशी चरचरली, मग ज्योत सरळ झाली. घड्याळजींनी घसा खाकरला, कपाळाला आठ्या घातल्या, बोट उगारलं.

"अगं, तिसऱ्या..." पुढचा शब्द काही फुटेना. बोट तसंच हवेत राहिलं, आणि डोळे भरून आले.

आता आपण काय म्हणायचं असतं, हे सूनबाईला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई तिला अंथरुणावरच भेटलेल्या. तिने क्षणभर विचार केला.

"पाहुणा लांबून येतोय ना, बाबा? मग त्याला आपलं घर लांबूनच दिसू दे की."

 आधी घड्याळजींचे खांदे हलले, आणि मागून हसू आलं. डोळे पुसत, नाक ओढत ते कितीतरी वेळ हसत राहिले.

"पुढच्या रविवारीही असाच आगाऊपणा करणार का?" त्यांनी होईल तितकं दटावून विचारलं.

"तुम्ही रागावणार असाल तर."