धान्य परदेशी जात नाही

बुधवार, १३ एप्रिल १९९४. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. युसूफ वडगावच्या पोस्टात सिद्धारामने आपल्या लग्नाची पत्रिका घातलेले पाकीट खिडकीतून आत सरकवले. पत्ता अमेरिकेचा होता.

पोस्टमास्तर रामहरींनी पाकीट हलवून पाहिले. आत काहीतरी खुळखुळले.

"काय हाय बे यात?"

"पत्रिका हाय, मास्तर. अन् अक्षत."

"धान्य परदेशी जात न्हाई. काढ."

सिद्धारामने हात पुढे केला नाही. "अक्षत न्हाई तर निमंत्रण कसलं? नुसता कागद झाला तो."

या भागात पत्रिका नुसती देत नाहीत. रंगवलेल्या ज्वारीचे दाणे हातावर पडले, की माणूस बोलावला गेला. रामहरींना रीत माहीत होती, नियमही माहीत होता. त्यांनी पत्ता पुन्हा वाचला. चार नावे होती. प्रत्येकाच्या आधी इंग्रजीत 'श्री' लिहिले होते.

"सोयरे हायत का?"

"न्हाई. बँड हाय त्यांचा. चौघं वाजवतात."

"मग लग्नात वाजवायला बोलवलंस व्हय?"

"न्हाई. जेवायला."

मागे आंतरदेशीय पत्र घ्यायला उभी असलेली छबुबाई हसली. दर आठवड्याला तिचे दळण सिद्धारामच्या गिरणीत असे. "मास्तर, ते भांडणारे हो! याच्या गिरणीत टेपावर दिसभर भांडत असत्यात. कावून भांडत्यात, आजून कळलं न्हाई."

"भांडत न्हाईत, काकू. गाणं हाय ते. थ्रॅश मेटल म्हणतात त्याला."

"काय बी म्हण. माझं पीठ हाय तसंच पडतंय."

रामहरींनी चष्मा काढला. "खरं सांग, त्यांनी तुझं असं काय भलं केलं रे?"

सिद्धाराम खिडकीच्या फळीकडे बघून बोलला. "बाप गेला, कॉलेज सुटलं, गिरणीवर बसलो. सा वर्सं झाली. इंजिनाच्या आवाजात कुठलंच गाणं टिकत न्हाई. भजन लावलं, बुडालं. पिक्चरची गाणी लावली, बुडाली. मी निघून जाणार होतो, मास्तर. पिशवी भरून ठेवलती. त्याच आठवड्यात औरंगाबादेत जुन्या ढिगात ही कॅसेट घावली. ही बुडाली न्हाई. इंजिनाच्या वर गेली."

तो पुढे म्हणाला, "आठ गाणी हायत, एक बी वाया न्हाई. दुसऱ्या बाजूला एक जागा हाय. चौघं लई जोरात पळत असतात अन् एकदम थांबतात. अर्धा दम. तेवढ्यात माझी गिरणी ऐकू येती. त्यांच्याच ठेक्यात. मग ते परत सुरू. पयल्यांदा ऐकलं तवा वाटलं, आपुन बी वाजवतोय. पिशवी रिकामी केली."

छबुबाई आता हसत नव्हती. "तू गेला असतास तर आमाला दळण घेऊन केजला जावं लागलं असतं," ती म्हणाली. "त्यांना लिव्ह, छबुबाईनं बी राम राम सांगितलाय."

रामहरींनी घड्याळ पाहिले. मग पट्टीने पाकिटाची कड अलगद उघडली आणि दाणे तळहातावर काढले. अकरा दाणे होते. ते टाकायचे कुठे, हे त्यांना लगेच सुचले नाही.

"आता मलाच यावं लागतंय की."

"याच, मास्तर."

रामहरींनी दाणे शर्टाच्या खिशात ठेवले. सिद्धारामने खिडकीला दोरीने बांधलेला पेन घेतला आणि पत्रिकेच्या मागे इंग्रजीत, सुट्या मोठ्या अक्षरांत लिहिले: टपालाच्या नियमामुळे अक्षत काढून घेतली आहे. आपण आल्यावर हातावर देईन. राग नसावा. गाण्यांबद्दल त्याने एकच ओळ लिहिली: तुमच्यामुळे मी इथेच आहे. खाली छबुबाईचा राम राम मराठीत लिहिला. त्याला इंग्रजी शब्द सापडला नाही.

पाकीट पुन्हा चिकटवून रजिस्टर करण्यात आले. पावतीची घडी करून सिद्धारामने ती कॅसेटच्या डबीत ठेवली.

बाराच्या एसटीने थैली केजला गेली. शुक्रवारी पाकीट तिथून पुढे निघाल्याचे रामहरींनी फोनवर विचारून घेतले. त्यानंतरचे काही कळलेले नाही. लग्न अकरा मेला आहे. शनिवारी सकाळी सिद्धाराम आचाऱ्याकडे गेला आणि जेवणाऱ्यांचा पाचशेचा आकडा पाचशे चार करून आला.