सहानंतर फोन करावा

"तुमच्या ऋचाच्या मामांनी पाठवलंय, निपाणीहून," असं म्हणत त्या माणसाने पेढ्यांचा पुडा पुढे केला, म्हणून मंदाताईंनी त्याला घरात घेतलं.

चहा पिता पिता तो ऋचाची जन्मवेळ, रास, ऑफिस, पगार घडाघडा सांगत गेला. दादाने याला जरा जास्तच सांगितलंय, असं मनाशी म्हणत त्यांनी स्वयंपाकघरातून भावाला फोन लावला.

"मी कुणालाच पाठवलं नाही गं."

मंदाताईंनी फोन ठेवला. लेकीचा बायोडाटा त्यांनीच वधू-वरांच्या बावीस ग्रुपांवर टाकला होता. त्यात मामांचं गावही होतं.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "निघा तुम्ही. ऋचाला आज उशीर होईल."

"सहानंतर फोन करावा, मुलगी घरी असते, असं तुम्हीच लिहिलंय ना," तो शांतपणे म्हणाला.

तेवढ्यात लॅचमध्ये किल्ली फिरली.