आधी सलाम कोणाचा

“बिट्टी, तुझ्या चाचाला सांग, डावीकडून ओढ म्हणावं.”

चाचा हातभर अंतरावर, त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. तरी बिट्टीने मान वळवून निरोप पोचवला, “चाचा, अब्बा म्हणतायत, डावीकडून ओढा.” चाचांनी ओढलं, पण उजवीकडून. रेक्झिनला अशी सुरकुती पडली की वाटावं, सोफासुद्धा रुसलाय.

सोफ्याला कापड चढवणं हे दोघांचं काम. एकाने ताणून धरायचं, दुसऱ्याने खिळा ठोकायचा. उस्ताद म्हणजे बिट्टीचे अब्बा आणि छोटे उस्ताद म्हणजे तिचे चाचा, दोघे सख्खे भाऊ, वर्षानुवर्षं हे काम गप्पा मारत करत आले होते. पण गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकासमोर उस्ताद बोलून गेले, “याचं मनावर घेऊ नका, हा अजून शिकतोय.” छोटे उस्तादांच्या दाढीत आता पांढरे केस आहेत. झालं! त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. रागावलेली माणसं मूग गिळून बसतात, छोटे उस्ताद सकाळी आल्या आल्या मूठभर बारीक खिळे ओठांत धरून बसू लागले. हात मोकळे राहावेत म्हणून या धंद्यात सगळेच खिळे तोंडात धरतात. पण झाडू मारतानाही धरणारा माणूस हा एकच.

तेवढ्यावर भागतं तर ठीक होतं. पण आता ते संध्याकाळी आपली हातोडी खुंटीला न लावता पिशवीत घालून घरी न्यायचे. ती रिकामी खुंटी पाहिली की उस्तादांना धास्ती वाटायची. उद्या हा आलाच नाही तर? पण ते पडले थोरले. थोरल्याने आधी बोलायचं म्हणजे काय!

एवढ्यात बिट्टीचा धाकटा भाऊ गोलू दप्तर आपटत दुकानात आला.

“अब्बा, आपाला सांगा, माझी पट्टी दे.”

“अब्बा, त्याला सांगा,” बिट्टी म्हणाली, “आधी माझ्या कात्रीने रेक्झिन कापल्याची माफी माग.”

“तुम्हाला एकमेकांशी बोलता येत नाही?” उस्ताद गरजले.

“आमचं बोलणं बंद आहे!” दोघांनी एका सुरात सांगितलं.

उस्तादांनी दोघांना अर्धवट सोफ्यावर बसवलं आणि घसा खाकरला. उपदेश करायचा म्हटलं की त्यांचा आवाज आपोआप खाली उतरायचा. “हे बघा, राग सगळ्यांना येतो. पण आपल्या नबींनी सांगितलंय, भावाशी तीन दिवसांहून जास्त अबोला धरायचा नाही. आणि दोघांत चांगला कोण? जो आधी सलाम करतो, तो.”

सोफ्यामागे एक खिळा टणकन फरशीवर पडला.

गोलूने बोटं मोजली. “आमचं तर कालच भांडण झालंय. म्हणजे मला अजून रुसता येईल ना?”

बिट्टीचे डोळे मात्र चमकले होते. चांगलं ठरायची संधी ती सोडणाऱ्यातली नव्हती. गोलूने ते पाहिलं आणि दोघं एकदमच ओरडली, “अस्सलामु अलैकुम!”

“मी आधी!”

“हट्, मी आधी! तुझा सुरू व्हायच्या आत माझा संपला होता!”

तिने त्याची कॉलर धरली, त्याने तिची वेणी. उस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. “अरे, सलामावरून मारामारी करता?”

“मग सांगा, चांगलं कोण?” बिट्टी धापा टाकत म्हणाली. आणि एकाएकी तिने वेगळंच विचारलं, “अब्बा, तुमचं आणि चाचांचं भांडण कधी झालं?”

“गेल्या जुम्म्याच्या आधी,” गोलूने तत्परतेने पुरवलं. “नमाजला दोघं दोन टोकांना उभे होते.”

“म्हणजे तुमची मुदत संपली की!”

रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही उस्ताद दिवसभर सलाम करायचे, आणि इथे सख्ख्या भावासाठी जीभ उचलत नव्हती. त्यांनी चोरून सोफ्यापलीकडे पाहिलं. छोटे उस्ताद तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढत होते. हा आधी करणार!

“अस्सलामु अलैकुम!” उस्ताद घाईघाईने ओरडले.

“हे काय, भाईजान!” छोटे उस्तादांनी शेवटचा खिळा थुंकला. “माझ्या तोंडात खिळे होते! ही चक्क लबाडी आहे!”

आठवडाभरातलं त्यांचं हे पहिलं वाक्य. त्या शिव्या असत्या तरी उस्तादांना गोडच लागल्या असत्या.

“हा सलाम धरायचा नाही,” बिट्टीने निकाल दिला. “परत घ्या.”

उस्तादांनी क्षणभर भावाच्या पिकलेल्या दाढीकडे पाहिलं. मग डबा ओढला, मूठभर खिळे आपल्या तोंडात भरले, ओठ घट्ट मिटले आणि हात खाली सोडून भावासमोर उभे राहिले.

छोटे उस्तादांनी आता मुळीच घाई केली नाही. त्यांनी आधी हातोडी खुंटीला लावली. कुर्ता झटकला. आणि मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा सलाम केला.

उस्तादांनी खिळ्यांआडून जमेल तेवढा जबाब दिला. “ऊं ऊं ऊंऊं.” डोळे मात्र भरून आले होते.

“काय म्हणाले?” गोलूने विचारलं.

चाचांनी रेक्झिनचं टोक पकडलं.

“म्हणाले, डावीकडून ओढ.”