नागिणीवरच्या गोळ्या

"मागे सरका, मागे सरका! पुढचं दार मोकळं ठेवा," बाबा कपड्यांच्या कपाटाला दटावत होते.

धाकटी उंबऱ्यातच थबकली. सकाळची फेरी संपवून ती थेट घरी आली होती, अंगावर अजून ड्यूटीचा शर्ट होता. बाबा पलंगाच्या कडेला ताठ बसले होते. दोन्ही हात हवेत, जणू समोर स्टिअरिंग आहे. कंबरेवर नागीण उठली होती आणि फोडांना कापड लागू नये म्हणून सदरा एका बाजूने वर खोचलेला होता. गोळ्या सुरू होऊन आज तिसरा दिवस होता.

"सकाळपासून हेच चाललंय," दादा दबक्या आवाजात म्हणाला. "वय झालं गं. डोकं कामातून गेलं त्यांचं."

बत्तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस. कुणाला साधा ओरखडा आला नव्हता. बोलण्यात मात्र कंजूष, आणि कौतुकाच्या बाबतीत तर महाकंजूष. चार वर्षांपूर्वी धाकटीने बसचालकाची नोकरी धरली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हे तुझं काम नव्हे." त्यानंतर त्या विषयावर तोंडाला कुलूप. ती कामावरून यायची तेव्हा ते पेपरात डोकं घालून बसलेले असायचे. फेरी कशी झाली, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. तिला त्यांच्याकडून एक चांगला शब्द हवा होता. फार नाही, एकच.

ती त्यांच्यासमोर बसली. "बाबा, मी आलेय."

त्यांनी तिला नीट न्याहाळलं. मग कपाटाकडे मान वळवली.

"घाबरू नका, मंडळी. आता माझी मुलगी गाडी घेतेय. माझ्यापेक्षा हात हलका आहे तिचा." आणि सरकून त्यांनी तिला शेजारी जागा करून दिली.

धाकटीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. दादा टॅक्सी बघायला पळाला.

हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "नागिणीला याच देतात, त्यात चूक काही नाही. पण हे औषध लघवीवाटे बाहेर पडायला हवं. पाणी किती पितात?"

"भरपूर," दादा म्हणाला. "मी स्वतः तांब्या भरून ठेवतो ना."

"तू ठेवतोस. ते पितात कुठे?" धाकटी म्हणाली. तिचं तिलाच एकदम लख्ख कळलं होतं. "ड्यूटीवर पाणी प्यायचं नाही, ही आम्हा चालकांची सवय असते, डॉक्टर. भरलेली गाडी रस्त्यात उभी करून आडोसा कुठे शोधत बसणार? त्यांनी गोळ्यासुद्धा अर्ध्या घोटावर ढकलल्या असतील."

"निवृत्त होऊन किती वर्षं झाली?"

"नऊ."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. वयाने आधीच थकलेली मूत्रपिंडं, त्यात पाण्याचा थेंब नाही. औषध अंगात साठत गेलं आणि मेंदूपर्यंत पोचलं. गोळ्या थांबवल्या, सलाईन लावलं. "दोन-तीन दिवसांत येतील भानावर," बाई म्हणाल्या. "तोवर त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका. ते औषध बोलतंय."

दादाने सुटकेचा निःश्वास टाकला. धाकटीलाही हायसं वाटलं. पण जिन्यात एकटी उभी राहिल्यावर तिला रडू आवरेना. चार वर्षं वाट पाहून मिळालेला शब्द, तोही गोळ्यांनीच वदवून घेतलेला. बाबा बरे व्हायला हवेत आणि ते बरे झाले की तो शब्द गेला. असं मनात आलं म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी बाबांनी वार बरोबर सांगितला, साल बरोबर सांगितलं आणि चहा पांचट असल्याची तक्रारही केली. नर्सने पुढे केलेलं पाणी त्यांनी काढा प्यावा तसं तोंड वाकडं करून संपवलं. दादाला आता राहवेना. त्याने कपाटाची सगळी गंमत हात हलवून रंगवून सांगितली. "आणि हिला काय म्हणालात माहितीये? म्हणे..."

"दादा, पुरे," धाकटी सलाईनच्या नळीकडे बघत म्हणाली. "औषधाचं बोलणं होतं ते. सोडून दे."

बाबा हाताला चिकटवलेल्या पट्टीची कड नखाने उचलत बसले.

"कपाटातली माणसं गोळ्यांनी दाखवली असतील," ते शेवटी म्हणाले. "तुझं चालवणं नाही."

धाकटीने मान वर केली. "तुम्ही कधी बसलात माझ्या गाडीत?"

"चार वर्षं झाली, दर गुरुवारी," बाबा म्हणाले. "आरशात न दिसणारी सीट कुठली, हे मला शिकवू नकोस."